दहा शेअरची मालकीण

चंद्रिका सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. उन्हाळ्यात तिनं मोबाईलवर खातं उघडून सीनाकाठ टेरी मिल्स या टॉवेलच्या गिरणीचे दहा शेअर घेतले, चाळीस रुपयांना एक. तिच्यासोबत काम करणाऱ्या अंकितानं एका औषध कंपनीचा एकच शेअर नऊशेला घेतला, तेव्हा चंद्रिका हसली होती. "एवढा महाग कशाला गं घेतलास?"

सप्टेंबरात गिरणीच्या वार्षिक सभेचं बोलावणं आलं. गिरणी जवळच, चिंचोळी एमआयडीसीत, आणि त्या दिवशी तिला सुट्टी. गेली. वॉचमननं यादीत तिचं नाव शोधलं आणि तो उठून उभा राहिला. "या मॅडम." आपल्यामागं कुणी मोठं माणूस आलंय की काय, म्हणून तिनं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

कँटीनमध्ये पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ गिरणीचा वार्षिक अहवाल मांडीवर घेऊन बसले होते. सिद्धलिंगप्पा त्यांचं नाव. याच गिरणीत तीस वर्षं माग दुरुस्त केलेले.

"किती शेअर हायत तुझे?"

"दहा. चाळीसला मिळाले काका, स्वस्तात. मैत्रिणीनं औषध कंपनीचा एकच घेतला, नऊशेला."

"स्वस्त? कशावरनं म्हणतीस?"

चंद्रिकाच्या मनात आलं, चाळीस म्हणजे स्वस्तच की!

त्यांनी अहवालाचं एक पान तिच्यापुढं धरलं. "हितं बघ. कंपनीचे एकूण शेअर दोन कोटी. चाळीसनं गुण."

"ऐंशी कोटी."

"व्हय. तू दहा घेतलेस, पर भाव सगळ्या गिरणीचा मान्य केलास. आता वर्षाचा नफा बघ. चार कोटी. नफा असाच ऱ्हायला तर पैसं फिटायला वीस वर्षं. आता त्या नऊशेवालीचं काढ."

तिनं मोबाईलवर शोधलं. शेअर अवघे दहा लाख. सगळी कंपनी नव्वद कोटींना, आणि वर्षाचा नफा नऊ कोटी. दहा वर्षं. तिनं आकडे पुन्हा तपासले. अंकिताचा नऊशेचा शेअर तिच्या चाळीसच्या शेअरपेक्षा निम्म्यानं स्वस्त होता!

"मग मी फसले म्हणायची."

"तसं लगेच म्हणू नगं. नफा वाढणार असंल तर वीस वर्षांची आठ हुतील. वाढंल का, ते इचार की अध्यक्षास्नी. मालकीण हायस तू."

अध्यक्षांचं भाषण संपेपर्यंत तिनं काकांचा अहवाल चाळला. मग चंद्रिकानं हात वर केला. "नवे चोवीस माग आलेत असं अहवालात आहे. त्यानं नफा कधी वाढेल?"

अध्यक्ष उठून उभे राहिले. दहा शेअरच्या बाईला उत्तर द्यायला! "ताई, खरं सांगतो. निम्म्या मागांना अजून ऑर्डर नाही. दोन वर्षं तरी लागतील."

"खरं बोलला," सिद्धलिंगप्पा पुटपुटले. "हे अहवालात गावत न्हाय."

सभेनंतर त्यांनी तिला शेडमध्ये नेलं. दारातच आवाज छातीवर आदळला. हजारो दोरे ताणून धरलेले, आणि त्यांतून टॉवेल इंच-इंच पुढं सरकत होता. पलीकडं बारा नवे माग प्लास्टिकमध्ये गुंडाळून गप्प उभे होते. चंद्रिका त्यांच्याकडंच बघत राहिली. मोबाईलवर शेअरचा भाव म्हणजे नुसता हिरवा-लाल आकडा होता. इथं कळत होतं की त्या आकड्यात चालू मागांचं कापड तर आहेच; पण या मुक्या मागांवर कधीतरी निघेल अशा, अजून न विणलेल्या कापडाचीही किंमत लोकांनी आजच लावली आहे. लाखो अनोळखी माणसं रोज सकाळी अशी न आलेली वर्षं तोलतात, आणि त्यांत आपणही एक. तिच्या अंगावर काटा आला.

"एवढं सगळं चाळीस रुपयांत?" ती ओरडून म्हणाली.

"लई आशा पण हाय त्यात," सिद्धलिंगप्पा कानाशी ओरडले. "ती किती धरायची, तेवढंच शिकायचं!"

तिनं शेअर विकले नाहीत, नवेही घेतले नाहीत. काकांनी दिलेला अहवाल मात्र पुढं चार दिवस जेवणाच्या सुट्टीत वाचला. न कळलेल्या शब्दांखाली रेघा ओढल्या आणि सिद्धलिंगप्पांना फोन लावला.