अस्तराचा हात राहिला

मनमोहन सरकारी कचेरीत कारकून. बायकोनं संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जायचं नाही, असा त्यानं हुकूमच सोडला. यशोदा गेली नाही. पण तो कामावर गेल्यावर तिनं उलथण्याच्या टोकानं बाहेरच्या खोलीच्या भिंतीत कोरून ठेवलं : ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ ‘झालाच’ जरा जास्तच खोल गेलं.

आता रविवारी सत्यनारायण, आणि प्रसादाला साक्षात साहेब! त्यांनी ते वाचलं तर नोकरी गेलीच म्हणायची.

“तुझ्या वडलांना मुळीच बोलवू नकोस,” मनमोहननं बजावलं. सासरे रामचंद्र भायखळ्यातले जुने रंगारी. “अख्ख्या भोईवाड्यात माझं हसं करतील. मीच करतो. त्यात काय मोठं?”

खडूच्या भुकटीत अळशीचं तेल मळून त्यानं लांबी केली, अक्षराअक्षरात दाबून भरली. वाळल्यावर काचकागदानं घासघासली.

“बघ हात फिरवून. लागतंय एक तरी अक्षर?”

यशोदानं हात फिरवला. काही लागलं नाही. तिला उगाच भरून आलं.

“आता रंग मारू ना थेट?”

बापाच्या हाताखाली वाढलेली पोर ती. लांबीवर आधी अस्तराचा हात द्यायचा असतो. नाहीतर भिंत रंग पिते, तेलकट लांबी पीत नाही, आणि सुकताना भरलेली जागा काळपट होऊन वर येते.

“मारा की!” म्हणत ती लगबगीनं चुलीकडे पळाली. हसू तोंडात मावेना.

रविवारी सकाळी रंग लागला. ओला होता तोवर भिंत अगदी साळसूद. संध्याकाळी कथा सुरू झाली. नशिबानं साहेब भिंतीला पाठ करून बसले होते. साधुवाण्याची नाव बुडेपर्यंत ‘मुंबईसह’ वर आलं. मनमोहननं ते पाहिलं, पण यजमानाला पाटावरून उठता येईना.

“अगं, भिंत!” तो कुजबुजला.

“कथेत बोलू नये,” शेजारच्या पाटावरून यशोदा म्हणाली.

आरतीपर्यंत ‘झालाच’ ठसठशीत उमटलं. साहेबांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या; त्यांनी ते सावकाश वाचलं. प्रसाद घेताना त्या म्हणाल्या, “यशोदाबाई, रंग फार छान बसलाय हो. कुणी काढला?”

“यांनीच!”

“मग आमच्याकडेही पाठवा यांना. भिंतीवर काय हवं ते मी आधी कोरून ठेवते.”

“काय कोरतेस?” म्हणत साहेब मान वळवणार, तोच यशोदानं त्यांच्या द्रोणात शिऱ्याचा आणखी एक डाव वाढला.