आधी झाडू

आखातात, अल हिलालमधल्या व्हिलाच्या मागच्या अंगणात ईशाने दोन कोंबड्या पाळल्या होत्या. त्यातली एक रोगाने दगावली. उरलेल्या मोतीला तिने धुण्याच्या खोलीत आणून ठेवलं. ईशाची आई नमिता पशुवैद्य. तिने बजावलं, "शुक्रवारपर्यंत खुराडं धड साफ झालं नाही, तर मोती दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची."

नमिताचे वडील श्यामराव नाशिकहून राहायला आले होते. कुणी न सांगताच त्यांनी ते काम अंगावर घेतलं. रोज दुपारी खुराड्यातल्या भुशावर ते फिनाइलचं पाणी शिंपडत. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई होत्या तेव्हा घरात दुपारी असाच वास दरवळायचा. वास आला की घर स्वच्छ झालं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी नमिताला एकदा विचारावं का, असं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं.

शुक्रवारी नमिता खुराड्यापाशी वाकली. "बाबा, भुसा तोच आहे?"

"हो. पण वास बघ ना, अजून कसा टिकलाय."

"वास टिकतो हो, औषध नाही टिकत. भुसा आणि विष्ठेत त्याचा सगळा जोर जिरून जातो. जंतू आपले मजेत."

श्यामरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे मोती जाणार."

"नॉट फेअर, मम्मा," दारातून ईशा म्हणाली. "आजोबांनी ट्राय केलं."

"केलं, पण अर्धंच. आई आधी झाडून काढायची, बाबा. मग फिनाइल. झाडताना तुम्ही पुस्तकात डोकं घालून बसायचात."

श्यामराव ओशाळून हसले. "खरं आहे गं. मला तेवढा वासच कळायचा."

नमिताचा आवाज मऊ झाला. "चला, यल्ला. अजून शुक्रवार संपला नाही."

तिघांनी भुसा पोत्यांत भरला, फरशी खरवडून साबणाने धुतली. श्यामराव लगेच औषधाची बाटली उघडायला लागले.

"थांबा. या उन्हात औषध काम करायच्या आत वाळून जाईल," नमिता म्हणाली. " सावली येऊ दे."

भिंतीची सावली येईस्तोवर चहा झाला. मग औषध लावलं. ते फरशीवर बराच वेळ ओलं राहिलं, सावकाश वाळलं. त्यावर कोरा भुसा पसरला.

"आता राहू दे हिला," नमिता म्हणाली.

ईशाने मोतीला आत सोडलं. मोतीने पायांनी भुसा उकरून थेट अंगणातल्या फरशीवर उडवला.

श्यामराव उठले. कोपऱ्यात झाडू आणि फिनाइल शेजारी शेजारी होतं. त्यांनी नमिताकडे पाहिलं, आणि झाडू उचलला.