न ऐकता दिलेला होकार

उस्तादांच्या कानात हल्ली दोन पांढरे दाणे असतात. मुलीने पहिल्या पगारातून आणलेले, डबीसकट. डबी साबणाच्या वडीहून लहान आणि दाणे जेमतेम शेंगदाण्याएवढे. पण कानात बसवून एकाला बोट लावलं, की सारं दुकान पाण्याखाली गेल्यासारखं होतं. केस कापायच्या मशीनची घरघर, ड्रायरचा घोंगाट, रस्त्यावरचे भोंगे, सगळं गप्प. उरतं फक्त बुवांचं कीर्तन, आणि तेही असं, की बुवा डोक्याच्या आतच बैठक मांडून गातायत.

कीर्तनाचं वेड उस्तादांना लहानपणापासूनचं. पण तीस वर्षं खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या न्हाव्याचे कान त्याचे स्वतःचे थोडेच असतात! कुणाचा साहेब खाष्ट, कुणाचा गुडघा धरलेला, कुणाची सून तोंडाळ. सगळं ऐकायचं. तेव्हा ही सोय देवानेच मुलीच्या हातून केली, असं उस्तादांनी ठरवून टाकलं.

गिऱ्हाइकांनी त्याचा भलताच अर्थ काढला. वय झालं, कान गेले, यंत्र बसवलं बिचाऱ्याने, अशी त्यांची समजूत झाली आणि ते आणखी मनापासून, आणखी मोठ्याने बोलू लागले. उस्तादही आरशात चेहरे वाचून उत्तरं देत. भुवया वर गेल्या, तर "काय सांगता!" ओठ मुडपले, तर "चालायचंच." हनुवटी पुढे आली, तर "हो ना." आणि माणूस थांबून बघत राहिला, तर "नक्की." एवढ्या चार शब्दांवर महिनाभर दुकान झकास चाललं. उलट लोक म्हणू लागले, उस्ताद पूर्वी मध्येच तोंड घालायचे, आता किती शांतपणे ऐकून घेतात!

मग एके दिवशी मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, उस्तादांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मोजून बोलणारा माणूस. पण त्या दिवशी कानामागचे केस कापताना आरशात त्यांचे ओठ हलत होते ते हलतच होते. इकडे बुवा रंगात आलेले. कीर्तनातला नावाडी नदीच्या मध्यावर पोचलेला, वल्हं हातातून सुटलेलं. आता काय होणार? तेवढ्यात मास्तर थांबले आणि आरशातून बघत राहिले.

"नक्की," उस्ताद म्हणाले.

मास्तरांचे डोळे एकदम भरून आले. चादरीखालून हात काढून त्यांनी उस्तादांचा कात्रीचा हात धरला आणि दाबला. उस्तादांनी घाईघाईने एक दाणा काढला, तोवर मास्तर दारात पोचले होते. "मग उद्या दहाला, घरी. तिला सांगतो, तू हो म्हणालास म्हणून."

उद्या दुकानाची सुट्टी होती. हो कशाला म्हटलं, ते मात्र एक देवच जाणे.

त्यांनी खिशातून फोन काढून कीर्तन मागे नेलं. नावाडी पुन्हा नदीच्या मध्यावर आला, वल्हं पुन्हा सुटलं. कीर्तन मागे नेता येतं, मास्तर कसे मागे नेणार?

घरी बायकोने ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, घर नावावर करून देतो म्हणालात की काय?"

"नक्की म्हणालो फक्त."

"फक्त! आपल्या लग्नातही तेवढंच म्हणाला होतात."

"फोन करून विचारू का?"

"काय विचारणार? 'तुम्ही रडत होतात तेव्हा मी गाणं ऐकत होतो' म्हणून?"

"गाणं नाही, कीर्तन."

"मग तर जास्तच लाज वाटायला हवी. उद्या जा, आणि खरं काय ते सांगा." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "हत्यारांची पेटी घेऊन जा. तुमच्याकडे माणूस आणखी मागणार काय?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला उस्ताद मास्तरांच्या दारात उभे राहिले. दाणे डबीत, डबी खिशात. मास्तरांनी दार उघडलं, तसं त्यांनी आत पाऊल टाकायच्या आधीच सांगून टाकलं. "मास्तर, मला कमी ऐकू येत नाही. कानात कीर्तन चालू होतं. तुमचा एक शब्द ऐकला नाही मी. हो उगाच म्हटलं."

मास्तर खाली बघत म्हणाले, "ठाऊक होतं. माझ्या नातीकडे तसलेच आहेत."

"ठाऊक होतं? मग सांगितलंत कशाला?"

"ऐकणाऱ्या माणसाला सांगवलं नसतं रे. तीन महिने घशात अडकलं होतं. तुला ऐकू येत नाही म्हणून तर बोलता आलं."

"आणि माझं 'नक्की'?"

"घरी ही विचारणारच होती, तो हो म्हणाला का? आता खोटं कसं बोलू? म्हणाला तर होतासच." मास्तरांनी मागे खोलीकडे पाहिलं. "नसेल जमत, तर मी सांगतो तिला."

मग मास्तरांनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी उघड्या कानांना. मास्तरीणबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणावर. वेणी उशीवर घासून घासून तिचा गोळा झालेला. कंगवा शिरत नाही. सून कात्री घेऊन गेली, की भिंतीकडे तोंड फिरवतात. म्हणतात, कापायचेच, तर ज्याचं कौतुक तीस वर्षं ऐकतेय, त्याच्याच हातून.

उस्तादांनी पेटी उचलली. "कुठल्या खोलीत?"

मास्तरीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. "तुम्हीच का ते? दारातलं सगळं ऐकलं मी. आता माझं ऐकणार आहात, की कानात घालून बसणार?"

उस्तादांनी डबी काढून त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा."

"मधेच विचारीन हं, मी काय म्हणाले ते. मास्तरांची बायको आहे मी."

तेल लावून, एकेक बट सोडवत उस्ताद तासभर त्या गोळ्याशी झटले. मुळापासून कापायला आलेला माणूस बोटांनी हळूहळू वाट काढत राहिला, आणि बाई बोलत राहिल्या. शेवटी खांद्यापर्यंतचे केस वाचले. खालचा गुंता तेवढा कात्रीने गेला.

"हं, सांगा आता," मास्तरीणबाई म्हणाल्या.

उस्तादांनी कात्री खाली ठेवली, घसा साफ केला आणि बुवांच्याच थाटात सुरुवात केली. "वेणी कमरेच्या खाली होती. बसच्या रांगेत मास्तर रोज तुमच्या मागे उभे राहायचे. चार महिने नुसती वेणीच बघितली. एके दिवशी तुम्ही वळून म्हणालात, 'तोंडही आहे मला.' मास्तरांची बस चुकली."

"आणि?"

"तुमचीही चुकली. पण तुम्ही ती मुद्दाम चुकवलीत. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही."

दारात उभे असलेले मास्तर दचकले. "काय म्हणालास?"

मास्तरीणबाईंनी पेटीतला आरसा तोंडासमोर धरला. आरशामागून त्यांचं हसू ऐकू येत होतं. "बघा," त्या म्हणाल्या, "ऐकणारा माणूस किती घातकी असतो!"