हात वर केला तेव्हा

मित्रांनो, मला बघून दात काढू नका. ते काम माझे आहे. मी दातांच्या दवाखान्यातली जुनी पक्कड. अस्सल पोलादाची. घडवणाऱ्याने मला घासून लखलखीत केले आणि मी डॉक्टरीणबाईंच्या हाती पडले. मला पाहून मुले भोकाड पसरत, आणि दाढ निघाली की मोठी माणसे मला दुवा देत.

तोंडात मी असताना कोणाला बोलता येत नाही, म्हणून बाई आधीच सांगत, "दुखलं तर हात वर करा, मी थांबेन."

एकदा एक म्हातारे शिंपी आले. एक्स-रे पाहून बाई म्हणाल्या, "काका, हाड ठिसूळ झालंय. जबड्याला तडा जाऊ शकतो. पण दाढ ठेवली तर पू पसरेल. काढू?"

"काढा."

मी दाढ धरली आणि त्यांचा हात वर गेला. बाईंनी मला लगेच बाहेर घेतले. जरा दम खाऊन शिंपी पुटपुटले, "आता काढाच एकदाची." दाढ निघाली, पण जबडा मोडला.

दारात त्यांची मुलगी उभी होती. वर गेलेला हात पाहून तिने घाबरून डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा मी दाढ ओढत होते. वडिलांचा जबडा तारेने बांधला गेला. त्यांना त्रास नको म्हणून त्यांच्यापुढे विषयही न काढता तिने पोलिसात तक्रार केली, की नको म्हणत असताना बाईंनी दाढ उपटली. बाईंचे कोणी ऐकेना. आता तुरुंग आणि दवाखान्याला कुलूप, एवढेच दिसत होते. मी पुराव्याच्या पिशवीत पडले. फार अपमान वाटला.

कोर्टाचे बोलावणे आले तेव्हा कुठे शिंप्यांना सगळे कळले. तोवर जबड्याची तार निघाली होती. ते साक्षीला उभे राहिले.

"धोका सांगितला होता. हात वर केला तर बाई थांबल्या. पुन्हा काढा म्हणालो तो मीच."

न्यायाधीशांनी एक्स-रे नीट पाहिला. दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारले. मग म्हणाले, "नुसता होकार पुरत नाही. हेतू भल्याचा हवा आणि काळजीही घ्यायला हवी. इथे तिन्ही गोष्टी आहेत. हा गुन्हा नव्हे."

बाई सुटल्या. मला घेऊन बाहेर आल्या, तर मुलगी रडत होती.

"बाबा, तुमचं तोंड बांधलेलं होतं. मी कसं विचारणार?"

"मान हलत होती की, पोरी."

मित्रांनो, तिचाही हेतू चांगलाच होता. पण आपल्या माणसासाठी भांडायला निघण्याआधी त्याला एकदा विचारा, आणि तो मान हलवेपर्यंत थांबा.