वरची एक बांगडी

ईद झाली आणि गुलजारबी बसली. बसली म्हणजे बसलीच. भद्रकालीजवळच्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीखालच्या चटईवर, भिंतीला पाठ लावून. चौतीस सालचा तो जानेवारी होता. आता वैशाख लागला तरी ती तिथंच होती.

नाशकात सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. शेजारची नूरबानो म्हणाली, नजर लागली. हाजराखाला तावीज घेऊन आली. हकिमांनी गुलकंद दिला. सगळ्यांचा सवाल एकच: कुणी मेलं का? नाही. नवरा मारतो? अकबरमियांनी उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. मग झालंय तरी काय? उत्तर मिळालं नाही की माणसं गुलजारबीकडं अशी बघायची, जणू हिनं कुणाचं तरी दुःख चोरून आणलंय.

तिला वाटायचं, दुःख असतं तर बरं झालं असतं. दुःखाला रडता तरी येतं. हिला रडू येत नव्हतं. डाळीत मीठ आहे की नाही, कळत नव्हतं. वेणी घालायची तर हात डोक्यापर्यंत न्यायला हवा, आणि डोकं त्र्यंबकेश्वराइतकं लांब गेलं होतं. सासरी नांदणाऱ्या दोन्ही लेकींची आठवण यायची, पण त्या दुसऱ्याच कुणाच्या लेकी असाव्यात तशी. शाबूत राहिली होती ती फक्त लाज. धडधाकट बाई बसून खाते, ही लाज मेली काही जात नव्हती.

तशी ती बसून खाणारी नव्हेच. वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन तिनं गावोगावच्या बायकांना बांगड्या भरल्या होत्या. नवरीच्या हातात तिच्या हातून एकही बांगडी कधी वाढली नाही, असा तिचा लौकिक. वाढली म्हणजे फुटली, पण तसं म्हणायचं नसतं. ठरलेल्या बांगड्या भरून झाल्या की ती आपल्याकडून वरची एक भरायची. तिचा दाम नसतो. तो भरणारीचा आशीर्वाद असतो.

घरात बसण्याआधी महिनाभर तिनं ही वरची एक भरणं सोडलं होतं. कुणी विचारलं तर विसरले म्हणायची. विसरली मुळीच नव्हती. द्यायला आपल्या आत काही उरलेलं नाही, मग रिकाम्या हातानं आशीर्वाद देणं म्हणजे खोटं बोलणं, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. प्रामाणिक माणसं स्वतःला असंच खड्ड्यात घालतात.

अशात नाशकाजवळच्या अंबडहून निरोप आला. रंगूबाईच्या सिंधूचं लग्न होतं. ही रंगूबाई म्हणजे गुलजारबीनं स्वतः भरलेली पहिली नवरी. निरोपही तिला शोभेलसाच होता: "पोरीला चुडा भरंल ती गुलजारबीच. नाय आली तर पोर बिनचुड्याची बोहल्यावर उभी राहील." रंगूबाई बोलली म्हणजे बोलली, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी आली.

"नाही म्हणून सांगू का?" अकबरनं विचारलं.

हो म्हणायलाही तिच्या अंगात जोर नव्हता. अकबरनं टोपली भरली, हिरव्या बांगड्या वर ठेवल्या, तिच्या चपला पायाशी आणून मांडल्या आणि बाहेर जाऊन गाडीवानाशी बैलांबद्दल बोलत उभा राहिला. ओढलं नाही, समजावलं नाही. त्या चपला बघत ती बराच वेळ बसली. बिनचुड्याची नवरी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी ती उठली.

अंबडला मांडव गजबजला होता. रंगूबाई सगळीकडे होती. हिला हाक मार, तिला टोमणा मार, नवऱ्याच्या नावानं उखाणा घे. तिच्या हसण्यानं मांडव हलत होता. गुलजारबीला तिचा हेवा वाटला. चार महिन्यांत काही वाटलं ते एवढंच.

सिंधू पुढ्यात बसली. "हात सैल सोड, पोरी," गुलजारबी म्हणाली. बोटांना काम पाठ होतं. त्यांनी पोरीचा पंजा दाबला, अंगठा आत घेतला, बांगड्या चढवल्या. दोन्ही हात हिरवेगार झाले. एकही वाढली नाही.

"आन् वरची एक?" एक म्हातारी म्हणाली.

गुलजारबीचा हात टोपलीवरच थांबला. बायका वाट बघू लागल्या.

"आधी नवरीच्या आईला भरते," ती कशीबशी म्हणाली.

रंगूबाई हसत समोर बसली. तिचा हात अडीचाच्या मापाचा, हे गुलजारबीला वीस वर्षं माहीत होतं. पण टोपलीत न बघता तिनं पहिली उचलली ती लहान, सव्वादोनाची निघाली, आणि ती सरळ आत गेली. अडली नाही. रंगूबाईनं हूं की चूं केलं नाही. बाईनं हात कितीही सैल सोडला तरी हाडापाशी तो थोडा झगडतोच. जिवंत हाताची ती खूण असते. हा हात झगडलाच नाही. असा हात गुलजारबीला चांगला ओळखीचा होता. तो रोज तिच्या स्वतःच्या मांडीवर पडलेला असायचा.

तिनं मान वर केली. रंगूबाईचं तोंड हसत होतं.

"कधीपासून?" गुलजारबीनं हळूच विचारलं.

हसू जागेवरच राहिलं. डोळे तेवढे खाली गेले. "दोन पावसाळे झाले," रंगूबाई पुटपुटली. "कुनाला सांगू नको. तुला कसं कळलं?"

"मी चार महिने झाले, घरात बसून आहे."

मांडवात वाजंत्री सुरू झाली. दोघी तशाच हात धरून बसल्या.

"पोरीला वरची भर," रंगूबाई म्हणाली.

"माझ्याकडं द्यायला काही नाही. खोटी ठरेल."

"ठरू दे खोटी. मी सकाळपासून खोटंच हसतेय. पोर त्याच्यावरच खूश हाय."

असं म्हणून तिनं टोपलीतली एक बांगडी उचलली आणि गुलजारबीचा हात ओढला. बांगड्या भरणं हे काही खुरपं धरणाऱ्या हाताचं काम नव्हे. तिनं पंजा वेडावाकडा दाबला, बांगडी अंगठ्याच्या हाडावर रेटली.

"सैल सोड की!"

"या अल्ला! दुखतंय, रंगूबाई!"

बांगडी आत गेली. हाड लाल झालं. गुलजारबीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि थांबेचना. बायका म्हणाल्या, बघा, किती माया. त्यांना तेवढंच कळलं, आणि तेवढं पुरे होतं. तशाच ओल्या डोळ्यांनी तिनं सिंधूच्या हातात वरची एक भरली. पोर पाया पडली. "सुखी राहा," गुलजारबी म्हणाली. खरं की खोटं, ते तिनं तपासलं नाही.

संध्याकाळी गाडीनं ती घरी परतली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उठली नाही. खिडकीखाली तीच चटई, पाठीला तीच भिंत. एका बांगडीनं माणूस बरा होत असता तर हकीम उपाशी मेले असते. दुपारी तिनं अंगठ्याचं हाड दाबून पाहिलं. अजून दुखत होतं. तिनं पुन्हा दाबलं. मग अकबरला हाक मारली आणि म्हणाली, "रंगूबाईकडं निरोप धाडा. म्हणावं, लग्न उरकलं की येते. तिची वरची एक राहिलीय."