दोनदा वाजली की चूक

“मास्तराच्या अंगावर डस्टर भिरकावणाऱ्याला परत शाळेत घेतील, असं तुला सांगितलं कोणी?” सोहनलालजी गादीवरून न हलता म्हणाले. “उद्या सावद्याला जायचं. चंपालालकाकाच्या आडतीवर बसायचं. विषय संपला.”

“तुम्ही म्हटलं की संपला का?” इंदरनं गुळाची ढेप धाडकन खाली ठेवली. “धुळ्याला, देवपूरच्या शाळेत बोलावलंय मला. आज दुपारी हेडमास्तर इंग्रजी वाक्यांचे प्रकार विचारणार. आलं तर घेणार.”

“आणि नाही आलं तर? पुन्हा डस्टर?”

पिंपळनेरच्या त्या किराणा दुकानात बापलेकाची जुंपली की गिऱ्हाइकं तेल घ्यायचं विसरून उभी राहायची. इंदरचं डोकं म्हणजे वाळक्या कडब्याची गंजी, ठिणगीचा अवकाश. नववीत इंग्रजीच्या मास्तरांनी वर्गासमोर त्याच्या अडखळत वाचण्याची नक्कल केली, पोरं हसली, आणि त्याची शाळा तिथंच सुटली. तेव्हापासून तो दुकानात पुड्या बांधत होता.

पण दिवाळीपासून दुकानात आणखी एक गोष्ट चालली होती.

दुकान पुढं, घर मागं, मध्ये तागाचा पडदा. पडद्यामागं भाभी, राजकुंवर. जळगावची मुलगी, मॅट्रिक झालेली. पण त्या घरात सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानावर पडायचा नाही. काही हवं असलं की ती बांगड्या वाजवायची, मग इंदर आत जाऊन विचारायचा. एका दुपारी इंग्रजी रद्दीच्या पुड्या वळता वळता तो कागदावरचं एक वाक्य मोठ्यानं वाचून स्वतःशीच म्हणाला, “हे आज्ञार्थी.” आतून बांगड्या वाजल्या. दोनदा.

“काय पाहिजे, भाभी?”

“काही नको,” ती कुजबुजली. “ते चुकलं, देवरजी. सुरुवातीलाच ‘व्हाय’ आहे, म्हणजे विचारलंय की.”

मग ते रोजचंच झालं. बापूजी गादीवर लवंडले की इंदर रद्दीतलं वाक्य हळूच वाचायचा आणि सांगायचा. नुसतं सांगितलंय, ते विधानार्थी. विचारलंय, ते प्रश्नार्थी. हुकूम सोडलाय, ते आज्ञार्थी. आणि मनात मावेना म्हणून तोंडातून निघालंय, ते उद्गारार्थी. बांगडी एकदा वाजली की बरोबर, दोनदा वाजली की चूक. सुरुवातीला चुकलं की तो कागदच टराटरा फाडायचा. पण ओरडणार कोणावर? बांगडी नक्कल करत नव्हती, हसत नव्हती. ओरडला असता तर बापूजी उठले असते आणि सगळंच बंद पडलं असतं. म्हणून तो राग गिळायचा, दुसरा कागद घ्यायचा.

एकदा ‘प्लीज’वर तो अडला. एवढं गोड बोलणं हुकूम कसा असेल?

“गोड बोलून सांगितलं तरी करायलाच सांगितलं ना,” भाभी म्हणाली. “बापूजींचं उलटं. विचारतात प्रश्न, पण असतो हुकूम.” तेव्हा तो एवढा हसला की हातातली साखर सांडली.

आज मात्र हसण्याची वेळ नव्हती. साबणाच्या कंपनीचा फिरता विक्रेता रतिलाल धुळ्याच्या गाडीची वाट बघत चहा पीत बसला होता. तो म्हणाला, “शेठजी, भांडता कशाला? मीच विचारतो. इथं अडला तर तिथं काय दिवे लावणार?”

“विचारा,” सोहनलालजी म्हणाले. “अडला तर सावदा.”

“द बस लीव्हज ॲट टेन.”

“विधानार्थी.”

“हूज शॉप इज धिस?”

“प्रश्नार्थी.”

“शट द डोअर.”

“आज्ञार्थी.”

रतिलालनं कप खाली ठेवला, डोळे मिचकावले आणि थेट इंदरच्या घोगऱ्या आवाजात, अडखळत म्हणाला, “व्हॉट अ फू... फूल यू आर.” आणि खो खो हसला.

इंदरच्या कानशिलात रक्त चढलं. पुन्हा तीच नक्कल, तेच हसणं. हात आपसूक तराजूकडे गेला, किलोचं वजन मुठीत आलं.

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. दोनदा.

तो तर अजून एक शब्दही बोलला नव्हता. मूठ सैल झाली. वजन त्यानं पारड्यात ठेवलं, हळू, आवाज न करता.

“उद्गारार्थी,” तो म्हणाला. “आणि मूर्ख कोणीही असो, रतिलालभाऊ, उद्गारार्थीच राहतं.”

गुळासाठी उभी असलेली मंजुळाबाई आपल्या अहिराणीत म्हणाली, “हाऊ काय मंतर शे रे भाऊ? पोऱ्या एकदम थंड पडना.”

सोहनलालजींनी पारड्यातलं वजन उचलून जागेवर ठेवलं. मग पडद्याकडे न बघता म्हणाले, “आत सांग, तुझ्या दशम्या बांधायला. आणि सांग, दुपारी पडद्यामागं गार फरशीवर बसू नये. पाट घ्यावा.”

इंदर आत वळला. म्हणजे बापूजी झोपत नव्हते.

आत भाभी फडक्याला गाठ मारत होती. पदराआडून दिसत नव्हतं, पण हसत असावी. तो पाया पडायला वाकला तसे तिनं पाय मागं घेतले.

“देवरजी, तिथं बांगडी नसेल.”

“नसू दे. हात खिशात ठेवीन.” त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. मास्तर कितीतरी झाले, पण ज्यानं त्याला रागावूच दिलं नाही असा एवढाच एक. “भाभी, तुम्ही नसता तर मी...”

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. रतिलालनं हाक मारली.

“आल्यावर सांगतो,” इंदर म्हणाला. “आता निघायला पाहिजे.”