काळं पडलं म्हणजे रोग गेला?

रविवारी आमच्या तांड्यावर समाजमंदिरापुढे पन्नासेक मोटरसायकली उभ्या होत्या. आर्णीहूनही लोक आले होते. पोटशुद्धी महाराजांचं म्हणणं, सगळे रोग आतड्यात राहतात. राखाडी पुडी ताकातून घ्यायची, दवाखान्याच्या गोळ्या बंद करायच्या. दुसऱ्या दिवशी शौचाला काळंकुट्ट पडलं की रोग पडला.

आणि पडत होतं हो. हिरासिंगकाका तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते.

माझ्या सुखीमामीला एचआयव्ही आहे. (तिला विचारूनच लिहितेय.) अकरा वर्षं रोज गोळी घेतली, विषाणू तपासणीत सापडत नाही इतका दबला. तरी अंगातला थकवा जात नाही. तीही पुडी घेऊ लागली. चौथ्या पुडीनंतर तिनं गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली. म्हणाली, "फेकून दे. थकली मी आता."

मी डबी ठेवली आणि पुडी खाल्ली. मला दहावीशिवाय कुठला रोग नाही. दुसऱ्या दिवशी माझंही काळंच.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर विचारलं, "महाराज, मले रोग नाही, मग काळं काहून?"

"पोरी, तुह्या पोटात तो लपून होता."

मग म्हटलं, तुम्ही तर शुद्ध, तुम्ही घेऊन दाखवा. तांड्याचे प्रमुख धरमसिंग नायकांनी ताकात पुडी कालवून पेला पुढे केला. नायकानं दिलेला पेला आमच्याकडे कोणी परत करत नाही. महाराजांना अचानक उपास आठवला. लोक हसले. नायकांनी पुडी बोटांत चोळून पाहिली, तर राखेत मिसळलेली कोळशाची भुकटी निघाली. काळं खाल्लं, काळं पडलं.

मामी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिला एसटीनं यवतमाळला, तिच्या गोळ्या मिळतात त्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर अफरोज मॅडमनी समजावलं. या रोगात आतड्याचं अस्तर कमजोर होतं, जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, शरीराची रोगाशी लढणारी फौज उगाच पेटलेली राहते, त्यानंही थकवा येऊ शकतो. म्हणून शास्त्रज्ञांनी गोळ्या चालू असलेल्यांना फक्त आतड्यात काम करणारं अँटिबायोटिकही देऊन पाहिलं. फारसा फरक पडला नाही.

"म्हंजे तुमच्यापाशी बी इलाज नाही?" मामीनं विचारलं.

"त्या आगीवर पक्का इलाज अजून नाही. थकव्याची दुसरी कारणं आज तपासू. पण गोळी सोडली, तर विषाणू परत वाढेल."

 मामीनं माझ्याकडे हात पसरला. मी डबी दिली.

तिचा थकवा गेलेला नाही, पण गोळी चालू आहे. म्हणून सांगते, चमत्कार दिसला, तर आधी रोग नसलेल्या माणसावर तपासा. आणि "अजून इलाज नाही" असं तोंडावर सांगणाऱ्या डॉक्टरची गोळी सोडू नका.